शब्द न देणारा कैदी



टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर ट्रायाबना नावाचं लहानसं बंदर आहे. तिथून फेरीबोटीनं मराया बेटावर जाता येतं. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण ‘मारिया’ म्हणू. तिथली माणसं मराया म्हणतात. बेटावर दुकान नाही, हॉटेल नाही, पर्यटकांच्या मोटारी नाहीत. शिधा आपला आपण न्यायचा आणि पायी किंवा सायकलवर हिंडायचं. डार्लिंग्टनच्या धक्क्याजवळच १८२५ सालचं सरकारी कोठार दिसतं. थोडं वर गेलं की कैद्यांची जुनी बराक. त्या बराकीत आता पर्यटक मुक्काम करतात, तोही भाडं भरून!

इंग्रज सरकारनं या बेटावर दोनदा कैद्यांची वसाहत वसवली. पहिली १८२५ ते १८३२, दुसरी १८४२ ते १८५०. काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. आयरिश माणसाला हा मुलूख आठवतो. इथं आलेले बहुतेक जण चोऱ्यामाऱ्यांपायी आलेले गरीब लोक होते. पण ऑक्टोबर १८४९ मध्ये जो कैदी आला, तो ब्रिटिश पार्लमेंटचा माजी सभासद होता. विल्यम स्मिथ ओब्रायन. धर्मानं प्रोटेस्टंट, घरचे जमीनदार, आणि आयर्लंडचा प्राचीन राजा ब्रायन बोरू याच्या वंशातले.

बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंड उपाशी मरत होतं. जुलै १८४८ मध्ये बॅलिंगॅरी गावी ओब्रायन यांनी उठाव केला. उठाव कसला, एका विधवेच्या घरात शिरून बसलेल्या पोलिसांना वेढा घातला, एवढंच. काही तासांत सारं आटोपलं. शिक्षा मात्र मध्ययुगीन झाली: फाशी आणि देहाचे चार तुकडे. सरकारनं दया दाखवून जन्मठेपेची हद्दपारी देऊ केली, तर हे गृहस्थ म्हणाले, अशी दया आम्हांला नको! शेवटी त्यांना हद्दपार करता यावं म्हणून पार्लमेंटला नवा कायदा करावा लागला.

टास्मानियात होबार्टला पोचल्यावर सरकारनं ओब्रायन आणि त्यांच्याबरोबरच्या राजकीय कैद्यांना सवलत देऊ केली. पळून जाणार नाही असा शब्द द्या आणि नेमून दिलेल्या तालुक्यात मोकळे राहा. त्यांच्या सोबत्यांनी शब्द दिला. ओब्रायन यांनी नाकारला, आणि म्हणून ते मराया बेटावर आले. मला यात हट्टापेक्षा हिशेब दिसतो. शब्द दिला असता तर तो पाळावा लागला असता, आणि त्यांना तर पळायचं होतं.

डार्लिंग्टनला त्यांना एक छोटं घर मिळालं. खडी फोडणं नाही, फटके नाहीत. पण इतर कैद्यांशी बोलायची बंदी होती आणि फिरायला जाताना पहारेकरी बरोबर. एकांतानं तब्येत ढासळली. पत्नी लूसीसाठी ते रोजनिशी लिहीत. ती आज छापील मिळते. ऑगस्ट १८५० मध्ये एक गलबत त्यांना पळवून न्यायला आलं. ओब्रायन लहान होडीकडे जायला पाण्यात शिरलेही, पण पहारेकऱ्यानं बंदूक रोखली. बेत फसला. रवानगी पोर्ट आर्थरच्या कैदी वसाहतीत झाली.

त्यानंतर, नोव्हेंबर १८५० मध्ये, त्यांनी अखेर शब्द दिला. पुढं जॉन मिचेल या त्यांच्या सहकाऱ्यानं १८५३ मध्ये बॉथवेलच्या पोलीस कचेरीत जाऊन ‘माझा शब्द मी परत घेतो’ अशी चिठ्ठी दिली आणि घोड्यावर बसून पसार झाला. शब्द मोडला की परत केला, यावर पुढं बरीच चर्चा झाली. ओब्रायन मात्र थांबले. १८५४ मध्ये सशर्त माफी मिळाली, १८५६ मध्ये पूर्ण. मग ते मायदेशी परतले. आज डब्लिनच्या ओकॉनेल रस्त्यावर त्यांचा पुतळा आहे.

त्यांचं घर बेटावर अजून उभं आहे. जवळच्या दफनभूमीत होहेपा ते उमुरोआ या माओरी कैद्याचीही कबर होती. इंग्रजांविरुद्ध लढला म्हणून न्यूझीलंडहून त्याला इथं आणलं, आणि १८४७ मध्ये तो इथंच वारला. थेट १९८८ मध्ये त्याच्या अस्थी त्याच्या माणसांनी घरी नेल्या.

१९७२ पासून हे बेट राष्ट्रीय उद्यान आहे. संध्याकाळी बराकीसमोरच्या गवतात वॉम्बॅट चरतात. गुबगुबीत, माणसाला न बुजणारे. लोक त्यांना सेल्फीसाठी इतका त्रास देऊ लागले, की २०१९ मध्ये तिथं एक प्रतिज्ञा तयार झाली. वॉम्बॅटच्या मागे सेल्फी स्टिक घेऊन धावणार नाही, असा शब्द बेटावर येणाऱ्यांकडून मागितला जातो. न दिला तरी कोणी अडवत नाही.