अमावास्येचं आकाश

आमच्या लिंबागणेशचा देव भालचंद्र. चंद्राने इथं तप केलं, अशी कथा. ईदचा चंद्र घरात आधी अम्मीला दिसायचा. कवितेतही मी चंद्रच घोळवला. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासूनची. हौशी मंडळी दुर्बिणी घेऊन रात्रभर माळावर बसतात. पण कधी, तर अमावास्येच्या आसपास! चांदण्यात अंधुक तारे बुडतात म्हणे. मला ते जरा लागलंच.

तरी मे महिन्यातल्या एका अमावास्येला, उत्तररात्री, अम्मीला बालाघाटच्या माळावर नेलं. मोतीबिंदू काढलेले डोळे. आकाशगंगा दिसेल का, धाकधूक होती. वृश्चिकाच्या शेपटीकडे बोट केलं. बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "बेटा, ये धुवाँ कायका?"