काचेच्या पेटीतील तळे



वैशाखाच्या तोंडावर, वऱ्हाडात आणि खंडेश्वराच्या ह्या गावी, पाण्याने भरलेल्या काचेच्या पेटीविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. ज्या दिवसांत विहिरीचा तळ दिसू लागतो आणि घागरीघागरीचा हिशेब होतो, त्या दिवसांत माशांसाठी पाणी भरून ठेवावे काय, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. तो प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून आम्ही खाली बसणार नाही. पण त्याआधी आमची एक फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टापायी आमच्या घरी पहिली टाकी आली. रंगीत खडे, प्लॅस्टिकचे झाड आणि आठ मासे. दर रविवारी आम्ही सगळे पाणी ओतून द्यावे, खडे घासावे, काच लख्ख पुसावी आणि नळाचे ताजे पाणी भरावे. तिसऱ्या रविवारनंतर एकही मासा उरला नाही. धाकटी रडत म्हणाली, "आपण तर इतकं स्वच्छ ठेवलं होतं, मग ते मेले कशानं?" तिला त्या दिवशी आम्हाला उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे उशिरा सापडलेले ते उत्तर होय.

मासा श्वास घेतो, खातो आणि मलोत्सर्ग करतो. त्याच्या शरीरातून अमोनिया पाण्यात उतरतो. अमोनिया माशाला विषच. तळ्यात हे विष साचत नाही, कारण तेथे डोळ्यांना न दिसणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइट विषारीच असते, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य. वनस्पती हे नायट्रेट खत म्हणून उचलतात. पाणवनस्पती तर अमोनियासुद्धा सरळ शोषून घेतात. हे जीवाणू वाळूच्या कणांवर, पानांवर आणि काचेवर बसलेले असतात. आम्ही दर रविवारी घासून काढीत होतो ते तेच! शिवाय नळाच्या पाण्यातील क्लोरीन उरल्यासुरल्यांचाही निकाल लावीत होते. आमची स्वच्छता म्हणजे माशांच्या घरातल्या स्वयंपाक्याला आणि सफाई करणाऱ्याला एकदमच हाकलून देणे होते.

मासा आणि वनस्पती ह्यांची ही सांगड माणसाला समजली त्याला फार काळ लोटलेला नाही. पाण्यात बुडालेल्या हिरव्या पानांवर उन्हात बुडबुडे येतात आणि अंधारात ते थांबतात, हे यान इंगेनहाउस ह्या शास्त्रज्ञाने 1779 मध्ये दाखविले. ते बुडबुडे प्राणवायूचे. पुढे लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने एका भांड्यात दोन सोनेरी मासे व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. पाने कुजू लागून पाणी बिघडले, तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि भांडे सुधारले. 1850 मध्ये त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला. मासा, वनस्पती आणि कुजके खाणारा, हा त्रिकोण तेव्हापासून घरगुती मत्स्यालयाचा पाया आहे. आपल्याकडे 1951 मध्ये मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि मुंबईस गेलेल्या कित्येक वऱ्हाडी कुटुंबांनी काचेमागचा मासा प्रथम तेथेच पाहिला.

आता प्रत्यक्ष मांडणी कशी करावी ते सांगतो. टाकी साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच घ्यावी. पुढे बसते तितकीच माती-वाळू घातली आणि वरची दोन-तीन बोटे मोकळी ठेवली, तर तीत चाळीस लिटरांच्या आसपास पाणी राहते. वाळू, काच, पाणी मिळून वजन एका माणसाइतके होते. तेव्हा टेबल मजबूत व समपातळीत हवे आणि टाकीखाली थर्माकोलचा पत्रा हवा. जागा आतल्या, थंड खोलीतली निवडावी. खिडकीचे थेट ऊन पडले की पाणी हिरवे होते आणि तापतेही.

तळाशी दोन बोटे जुनी, चाळलेली कुंडीतली माती घालावी. तीत ताजे शेणखत वा रासायनिक खत मुळीच नसावे, कारण ते कुजून वा विरघळून पाणी नासवते. आपली कपाशीची काळी माती येथे नको. तिच्यात चिकणमातीचा अंश इतका की ती फुगते आणि पाणी दिवसचे दिवस गढूळ ठेवते. मातीवर स्वच्छ धुतलेल्या जाड वाळूचा तेवढाच थर द्यावा. मग वाळूवर बशी ठेवून तिच्यावर हळू धार सोडावी, म्हणजे माती उचलत नाही. नळाचे पाणी उघड्या बादलीत एक-दोन दिवस ठेवून मगच वापरावे, म्हणजे त्यातील क्लोरीन उडून जाते.

वनस्पती कोणत्या? येथे एक आनंदाची गोष्ट सांगतो. आपल्या काळ्या कातळातून येणारे विहिरीचे पाणी बहुधा जड असते. भांड्याला पांढरी पुटे चढतात ती त्याचीच. शहरातल्या शौकिनांच्या नाजूक परदेशी वनस्पती ह्या पाण्यात रुसतात. पण फितीसारख्या पानांची व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि कोल्ह्याच्या शेपटीसारखी दिसणारी सेराटोफायलम ह्या तिघींना जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कर्ब उचलता येतो. त्या आपल्या मुलखातल्या तळ्यांतल्याच रहिवासी आहेत. तळ्यातून आणल्या तर आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवाव्यात, कारण त्यांच्यासोबत चतुराच्या अळ्या येतात आणि त्या माशांची पिले खातात. प्रथमपासूनच झाडे दाट लावावीत. एलईडीचा साधा दिवा दिवसाकाठी सात-आठ तास पुरे.

आणि मग थांबावे. ह्या शौकातले सर्वांत अवघड काम हेच. जीवाणूंचा संसार बसायला चार ते सहा आठवडे लागतात. वनस्पतींना नवे कोंब दिसू लागले म्हणजे तीन-चार मासे सोडावेत, आणखी काही आठवड्यांनी दोन-चार. जड आणि अल्कधर्मी पाण्यात, त्यातही उष्णतेत, अमोनिया अधिक विषारी होतो. म्हणून पुण्यामुंबईकडे ज्याने निभावते त्या घाईने वऱ्हाडात निभावत नाही.

मासा म्हणून गप्पी उत्तम. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खात्याची माणसे हौदात सोडतात तोच. त्याला जड पाणी मानवते. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. आठवड्याला चौथाई पाणी काढावे आणि ते तुळशीला वा कढीलिंबाला घालावे. त्यात खत असते.

उन्हाळ्याचे एक गणित ध्यानात ठेवा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसात. पाणी तापते तेव्हाच माशाला श्वास अधिक लागतो आणि तेव्हाच तो कमी मिळतो. शिवाय रात्री झाडेही प्राणवायू घेतात, देत नाहीत. म्हणून मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले, तर समजावे की गर्दी फार झाली. मासे कमी ठेवावेत, टाकीभोवती माठासारखे ओले फडके गुंडाळावे आणि पाण्यावर लहान पंखा सोडावा. वीज गेली तर वाटीने पाणी वर उचलून पुन्हा टाकीत सोडीत राहावे.

एक इशारा कळकळीने देतो. गप्पी दर महिन्याच्या सुमारास पिले देतो. पिले फार झाली म्हणून ती बेंबळेत किंवा एखाद्या नाल्यात सोडू नका. तो दक्षिण अमेरिकेकडचा पाहुणा आहे. तो आपल्या लहान माशांच्या वाट्याचे खातो. जलकुंभीही तिकडचीच. आणि आपली हायड्रिला मत्स्यालयांच्या व्यापारातून 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडात पोचली, तिने तेथील कालवे तुंबवून टाकले. आपल्या घरी जी सून शहाणी, ती परमुलखात उच्छाद मांडते, हे दोन्हीकडून खरे.

आता पहिल्या प्रश्नाकडे येतो. पाणी माशांना का द्यावे? भरल्यावर ह्या टाकीला आठवड्याला एक बादलीभर पाणी लागते, आणि त्यातले बरेचसे झाडांना मिळते. कुलर एका दुपारीच त्याहून अधिक पितो. पण नुसत्या हिशेबाने आमचे समाधान होत नाही.

आपल्याच विदर्भात, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात, जुने मालगुजारी तलाव बेशरमीने आणि गाळाने भरले, मासे कमी झाले. तेव्हा भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि पतिराम तुमसरे ह्यांच्यासह धीवर समाजाच्या स्त्रीपुरुषांनी काय केले? त्यांनी बेशरम उपटली आणि तलावात हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम पुन्हा लावल्या. स्थानिक मासे परतू लागले. आमच्या टाकीत आहेत त्याच तीन वनस्पती, श्रोतेहो! तेथे त्यांच्यावर कुटुंबांची भाकरी अवलंबून आहे.

वनस्पती म्हणजे घाण, गाळ म्हणजे घाण, आणि काठापर्यंत सिमेंट केलेला तलाव म्हणजे सुधारणा, अशी समजूत आपल्यात बळावली आहे. आम्ही दर रविवारी टाकी घासत होतो तीही त्याच समजुतीने. नितळ पाणी आणि निरोगी पाणी ह्या दोन गोष्टी आहेत, हे ज्या मुलाने चाळीस लिटरांत पाहिले, ते मोठेपणी गावच्या तळ्याविषयी मत देताना चुकणार नाही. एवढ्यासाठी एक बादली पाणी खर्च झाले तर ते वाया गेले असे आम्हाला वाटत नाही.

आमच्या धाकटीने दुसऱ्या टाकीत हात घालून पहिले झाड स्वतः लावले. ती टाकी अजून आहे. तिची काच थोडी हिरवट असते, तळाशी गाळ असतो, आणि मासे जिवंत आहेत.