मधल्या सुट्टीचा डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलांच्या खाण्याविषयी बोलावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या आपणांस मी नवे काय सांगणार? परंतु शाळेत शिकवीत असताना मधल्या सुट्टीत जे दिसे, ते आपल्यापुढे मांडते.

डब्यातली पोळीभाजी तशीच घरी परत येते. आपण म्हणतो, “मुलांना चटक लागली.” हे अर्धेच खरे आहे. सुट्टी लहान, लक्ष खेळाकडे. आणि पाकीट फोडणाऱ्याभोवती मित्र गोळा होतात, गार भाजी उघडणाऱ्याभोवती होत नाहीत. मुलाला सोय हवी असते आणि मित्रांत मान हवा असतो. हे ओळखल्यावाचून नुसते रागावून काही साधावयाचे नाही.

त्या पाकिटात असते काय? पुढचे चित्र पाहू नका, मागची बारीक अक्षरे वाचा. पुष्कळ गोड पेयांत १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच चमचे! मुलाच्या पेलाभर दुधात आपण एवढी साखर घालू काय? तसेच सोडियमचे. १ ग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावयास सांगते. उतारवयाचा म्हणून समजला जाणारा मधुमेह आता शाळकरी वयातही आढळतो, हे विसरून चालणार नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१७ साली शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ विकण्यास मनाई केली. २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत त्यांची विक्री बंद केली. ५० मीटर म्हणजे साधारण सत्तर पावले. पण आपणच भरून दिलेल्या डब्याला कोणता नियम अडविणार?

म्हणून डबा असा असावा की, मूल तो एका हाताने दहा मिनिटांत संपवील. दाण्याची चटणी लावलेली पोळीची सुरळी, छोटी थालीपिठे, परतलेली मोडाची मटकी, गूळपोळीचा लाडू. आदल्या रात्री मुलालाच विचारावे. स्वतः निवडलेले मूल टाकून देत नाही.

कामावर धावणाऱ्या आईने सोय म्हणून पाकीट दिले, तर तिला नावे ठेवणे सोपे आहे. मला ते पटत नाही. डबा ही एकट्या आईची जबाबदारी नव्हे; वडिलांनीही पोळी गुंडाळावयास हरकत नाही!

आणि एक सूचना. एका वाड्यातल्या किंवा इमारतीतल्या पाच घरांनी वार वाटून घ्यावेत. ज्या घराचा वार, त्याने पाचही घरांच्या मुलांचा डबा करावा. प्रत्येकीला चार सकाळी मोकळ्या मिळतील. आणि पाच मुलांच्या डब्यात एकच पदार्थ निघाला की, त्याची लाज वाटणार नाही, उलट त्याचीच ऐट होईल. येत्या सोमवारपासून आपल्या मंडळाने एवढे करून पाहावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.