सुपीकतेची मालकी कोणाची?



निमगाव केतकीचे नाव पुणे जिल्ह्यात खाऊच्या पानांसाठी घेतले जाते. पानवेलीला आधार आणि सावली लागते. म्हणून पानमळ्यात शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा अशी झाडे लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. यांतील शेवगा वगळला तर बाकीची झाडे शेंगवर्गातील आहेत. त्यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम हे जीवाणू वास करतात आणि हवेतील नत्र झाडाला घेता येईल अशा रूपात आणून देतात. गाठ चिरल्यावर आत गुलाबी रंग दिसला, तर ती काम करीत आहे असे समजावे. ज्याला आज जैविक खत म्हटले जाते, ते पानमळ्याच्या शेतकऱ्याने दुकानाची पायरी न चढता पिढ्यान्‌पिढ्या वापरले. जीवाणूचे नाव त्याला ठाऊक नव्हते. पण मळ्यातील सुपीकता त्याच्या हाती होती. ही सुपीकता आता एका ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये बंद होऊ लागली आहे. ही घटना निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु तिचे स्वागत डोळे उघडे ठेवूनच झाले पाहिजे.

जीवाणूंच्या खताची कल्पना नवी नाही. हॉलंडमधील शास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८८८ मध्ये मुळांच्या गाठींतील जीवाणू वेगळे काढले आणि १८९६ मध्ये जर्मनीत ‘नायट्रॅजिन’ या नावाने ते विक्रीला आले. भारतात एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये या जीवाणूंवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पण १९१३ मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याचा कारखाना सुरू झाला होता, आणि पुढे जगाची शेती त्याच वाटेने गेली. जीवाणू निरुपयोगी ठरले म्हणून असे झाले नाही. युरियाची गोणी मरत नाही आणि जीवाणू मरतो, हे त्याचे एक साधे कारण होते. जो माल गुदामात महिनोन्‌महिने पडून राहू शकतो, त्याचाच व्यापार सुखाने करता येतो.

जैविक खताची आजवरची शोकांतिका या कारणातच दडलेली आहे. प्रयोगशाळेत वाढविलेले जीवाणू लिग्नाइटच्या किंवा कोळशाच्या भुकटीत मिसळून पाकिटात भरले जातात. ते पाकीट मालमोटारीतून येते, पत्र्याच्या छपराखालील दुकानात वैशाखाचे ऊन सोसते आणि जूनमध्ये शेतकऱ्याच्या हाती पडते. तोवर आतले जीवाणू जिवंत आहेत की नाहीत, हे दुकानदारालाही सांगता येत नाही. केंद्र सरकारने २००६ मध्ये जैविक खते खत नियंत्रण आदेशाखाली आणली आणि रायझोबियमच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जीवाणू असले पाहिजेत, असे मानक ठरविले. मानक योग्यच आहे; परंतु ५ कोटी जीवाणू मोजण्याचे साधन शेतकऱ्याच्या घरात नसते. जिवंत पाकीट आणि मेलेले पाकीट दिसायला सारखेच. मेलेल्या पाकिटाचे पैसे गेले, तर शेतकरी पाकिटाला दोष देत नाही. विज्ञानालाच दोष देतो आणि पुन्हा युरियाकडे वळतो.

जीवाणूंना आवरणात बंदिस्त करण्याचे तंत्र या दुखण्यावरचा उपाय म्हणून पुढे आले. योआव बाशान यांनी १९८६ मध्ये अल्जिनेटच्या मण्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. अल्जिनेट हा तपकिरी समुद्रशैवालांतून मिळणारा पदार्थ. त्याच्या द्रावणात जीवाणू मिसळून ते थेंबाथेंबाने कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात सोडले की प्रत्येक थेंबाचा साबुदाण्यासारखा मऊ मणी बनतो. मण्याच्या आतला जीवाणू ऊन, कोरडेपणा आणि मातीतील प्रतिस्पर्धी यांपासून काही काळ सुरक्षित राहतो. पुढे मातीतील सूक्ष्मजीव तो मणी हळूहळू कुजवितात आणि आतले जीवाणू मुळांजवळ मोकळे होतात. मात्र मणी वाळविताना पुष्कळ जीवाणू दगावतात आणि खर्चही वाढतो. म्हणून हे तंत्र दीर्घकाळ प्रयोगशाळेपुरतेच राहिले.

भारतात या दिशेने ठळक पाऊल टाकले ते कोळिकोड येथील भारतीय मसाला पीक संशोधन संस्थेने. तिने उपयुक्त जीवाणू सुप्तावस्थेत औषधाच्या गोळीसारख्या कॅप्सूलमध्ये भरण्याची पद्धत विकसित केली. सुमारे एक ग्रॅमची कॅप्सूल पाण्यात विरघळवून ते पाणी पिकाला द्यायचे. थंड पेटीची गरज नाही, भुकटीच्या थैल्यांची हमाली नाही. निमगावकरांनी या संस्थेकडे लक्ष द्यावे असे आणखी एक कारण आहे. तिचा मोठा अभ्यास मिरीच्या वेलीवर आहे, आणि मिरी व खाऊचे पान ही एकाच पायपर वंशातील भावंडे आहेत. मुळे कुजविणारी फायटोफ्थोरा ही बुरशी दोघांचीही वैरीण. तिला आवरणारी ट्रायकोडर्मा बुरशीही अशा कॅप्सूलमधून देता येते, असे संस्था सांगते. पानमळ्यात तिचा गुण किती, याचा निवाडा मात्र पानमळ्यातच झाला पाहिजे.

तंत्राच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. इंदापूर-बारामतीच्या बागायती पट्ट्यात उसाचे साम्राज्य आहे. उसाच्या आतही नत्र स्थिर करणारा जीवाणू राहतो, हे ब्राझीलमध्ये योहाना ड्योबेराइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखविले. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस करणाऱ्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, या जीवाणूंची बेणेप्रक्रिया केल्यास नत्राच्या मात्रेत निम्म्यापर्यंत बचत होऊ शकते, असेही सांगितले आहे. पण अतिपाण्याने जमीन क्षारपड झाली असेल, तिच्यात सेंद्रिय कर्ब उरला नसेल, पाचट दरवर्षी पेटविले जात असेल, तर कॅप्सूलमधून सुटलेला जीवाणू जगणार कशावर? उपाशी घरात पाहुणा टिकत नाही. कॅप्सूल हा शेणखताला, हिरवळीच्या खताला किंवा पाण्याच्या शिस्तीला पर्याय नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे लागते. जीवाणू मातीतला, मातीचा मालक वा कसणारा शेतकरी, संशोधन जनतेच्या करातून झालेले. मग कॅप्सूल कोणाची? निसर्गात आढळणाऱ्या जीवाचा केवळ शोध लावला म्हणून त्यावर भारतीय कायद्याने पेटंट मिळत नाही. परंतु त्याला बंदिस्त करण्याच्या पद्धतीवर मिळू शकते, आणि बाजारात किंमत ठरते ती याच पद्धतीमुळे. कोळिकोडच्या संस्थेने आपले तंत्र परवान्याने खाजगी उद्योगांना दिले आहे. यावर असे म्हटले जाईल की सरकारी संस्था सुस्त असतात आणि खाजगी उद्योगच माल शेतापर्यंत पोचवितात. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. पण खाजगी उद्योग माल पोचवितो तो क्रयशक्ती असेल तेथे. डाळिंबाच्या बागेपर्यंत त्याचा प्रतिनिधी मोटारसायकलवर येतो. जिरायती तुरीच्या व हरभऱ्याच्या तुकड्यापर्यंत तो येत नाही. वस्तुतः रायझोबियमची खरी गरज या तुकड्यालाच आहे.

पर्याय नाही, असेही नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये ऊस उत्पादकांच्या सहकारी कारखान्यांनी संशोधन संस्था उभी केली. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी ही संस्था जीवाणू खते तयार करते. बारामतीचे कृषी विज्ञान केंद्रही जवळच आहे. सहकाराला हे जमते, याचा पुरावा म्हणून दूर जाण्याचे कारण नाही. मात्र सहकार म्हणजे संचालक मंडळाची निवडणूक एवढाच अर्थ उरला असेल, तर सभासद नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्या प्रयोगशाळेचे दार बंदच राहील. सरकारी परवाना सहकारी व सार्वजनिक संस्थांना नाममात्र शुल्कात मिळाला पाहिजे, आणि त्या बदल्यात त्यांच्यावर जिरायती गावांची जबाबदारी टाकली पाहिजे.

दुसरी गोष्ट अनुदानाची. २०१० मध्ये पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान सुरू झाले, पण युरिया त्याबाहेर राहिला. २०१८ मध्ये ४५ किलोची गोणी आली, तिचा दर करांव्यतिरिक्त २४२ रुपये. उरलेला भार सरकारी तिजोरीवर. युरिया स्वस्त असावा, गरीब शेतकऱ्याची तीच गरज आहे. परंतु हवेतील नत्र फुकट आणून देणाऱ्या जीवाणूच्या वाट्याला त्या मानाने तुटपुंज्या योजना येतात. हा न्याय कोणत्या तर्काचा?

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. युरियाचे फळ त्याच हंगामात मिळते. जीवाणूंचे आणि सेंद्रिय कर्बाचे फळ वर्षानुवर्षे जमिनीत साठत जाते. एका वर्षाच्या तोंडी बोलीवर खंडाने वा वाट्याने जमीन कसणारा ही गुंतवणूक कशासाठी करील? त्याने जमीन सुधारली की मालक खंड वाढविणार किंवा दुसरा कसणारा पाहणार. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, कूळ जमिनीचा मालक झाला. पण कागदावर न येणारी नवी कुळे त्यानंतर गावोगावी निर्माण झाली. त्यांच्या हाती जमीन टिकण्याची हमी नसेल, तर उत्तमातली उत्तम कॅप्सूलही त्यांच्यापुरती मेलेली आहे. आवरण जीवाणूला संरक्षण देते. कसणाऱ्याला संरक्षण कायदाच देऊ शकतो.

गावाच्या हातीही काही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने सूक्ष्मजीवांना जैविक संपत्ती मानले आहे आणि स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची तरतूद केली आहे. बहुतेक ठिकाणी ही समिती नावापुरती असते. तिने आपल्या शिवारातील मुळांच्या गाठींची नोंद ठेवावी, दुकानातील पाकिटांचे व कॅप्सूलचे नमुने दर हंगामापूर्वी तपासणीला पाठवावेत आणि जिवंत जीवाणूंची संख्या व चाचणीची तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी. यासाठी नवा कायदा नको. ग्रामसभेचा ठराव आणि त्यामागे उभी राहणारी माणसे हवीत. फळ्यावरची ती संख्या प्रत्येक शेतकऱ्याला वाचता येऊ लागली, की सुपीकतेवरील त्याच्या हक्काची निदान पहिली नोंद झाली, असे म्हणता येईल.