बिरड्याचा सण
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचं संपादित रूप)

नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, बिरड्याचा सण. ही नावं कानावर पडली तर कुणालाही वाटेल की, कोकणातल्या एखाद्या शेतकरी घराच्या सणांची यादी चालली आहे. तसं वाटणं चुकीचं नाही. ते घर कोकणातलंच, बोली मराठीच, अंगणात माड आणि माजघरात जातं. फक्त त्या घराच्या दाराच्या चौकटीवर हिब्रू अक्षरांची एक छोटी गुंडाळी ठोकलेली असायची. हे सण ज्यूंचे, आणि ती घरं बेने इस्राएल समाजाची.

मी त्याच समाजातली. आमची आडनावं ऐकली की गावं कळतात. पेणकर, चेऊलकर, दिवेकर, रोहेकर, अष्टमकर. शाळेत चाळीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे शब्दांच्या मागे लागायची सवय जडली. आज आमच्या सणांच्या शब्दांविषयीच बोलणार आहे.

आधी थोडं मागे जाऊ. पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिगत अशी की, फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्यापुस्तकं समुद्राने घेतली. वाचलेली माणसं तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. ही घटना कोणत्या शतकातली, याविषयी अभ्यासकांमध्ये एकमत नाही. पण एवढं खरं की, पुढे कितीतरी पिढ्या या लोकांजवळ धर्मग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता, हिब्रू भाषाही उरली नव्हती. उरलं होतं ते इतकंच : शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि देव एकच आहे असं सांगणारं 'शेमा' हे हिब्रू वचन. जन्म, लग्न, मृत्यू, प्रत्येक प्रसंगी तेच म्हणायचं.

मग सण कसे टिकले? ग्रंथ नसताना बरोबर त्या महिन्यात, त्या तिथीला सण कोण आणि कसा लक्षात ठेवणार? माझ्या मते याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. सणाची कथा विसरली गेली; सणाला काय शिजवायचं, ते विसरलं गेलं नाही.

नव्याचा सण म्हणजे रोश हशाना, ज्यूंचं नवं वर्ष. ते तिश्री महिन्याच्या पहिल्या तिथीला येतं. ज्यू पंचांगात आपल्याप्रमाणेच चांद्रमास आहेत आणि अधिक महिनाही आहे. एकोणीस वर्षांत सात वेळा तो येतो. त्यामुळे हा दिवस बहुतेक वेळा घटस्थापनेच्या आगेमागे पडतो. कोकणात तेव्हा हळवं भात तयार होत आलेलं असतं. नवं वर्ष आणि नवं धान्य अशी सांगड आपोआप बसली. त्यानंतर खिरीचा सण. नव्या धान्याची खीर करायची, ऊद जाळायचा आणि शेमा म्हणायचा. एवढाच विधी. पण एवढ्यावर तो सण शतकानुशतकं तगला.

तिश्रीच्या दहाव्या दिवशी योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा कडक उपवास. आमच्या पूर्वजांनी त्याला दारफाळणीचा सण म्हटलं, म्हणजे दारं लावून घेण्याचा. पांढरे कपडे घालायचे, घराची दारं बंद करायची, दिवसभर बाहेर पडायचं नाही, कुणाशी व्यवहार करायचा नाही. प्रायश्चित्ताचं तत्त्वज्ञान सांगणारं कुणी नव्हतं, पण बंद दार सगळं सांगत होतं. दुसऱ्या दिवशी शिळा सण. तेव्हा दारं उघडायची, दानधर्म करायचा, एकमेकांच्या घरी जायचं.

पुरीम हा आनंदाचा सण. इराणच्या राजाची ज्यू राणी एस्तेर हिने आपल्या लोकांना कत्तलीतून वाचवलं, त्याची ही आठवण. तो अदार महिन्याच्या चौदाव्या तिथीला, म्हणजे बहुधा फाल्गुन पौर्णिमेच्या सुमारास येतो. म्हणून आमच्याकडे त्याचं नाव पडलं होळीचा सण. एस्तेरचं पुस्तक हाताशी नव्हतं, पण पौर्णिमा तर दिसत होती!

वल्हांडणाचं नाव तर फारच बोलकं आहे : अनशी ढाकायचा सण. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटका झाली, ती इतक्या घाईत की पीठ आंबवायला सवड मिळाली नाही. म्हणून या आठ दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही, बिनखमिराची भाकरी खायची, असा मूळ नियम. आता कोकणातला माणूस भात खाणारा. त्याच्या घरी पाव कुठला आणि खमीर कुठलं? पण अनस होतं, म्हणजे आंबट रसाचं मडकं. स्वयंपाकात आंबटपणासाठी ते वर्षभर वापरात असायचं. सणाच्या दिवसांत त्या मडक्यावर झाकण घालून ते बाजूला ठेवायचं. नियमाचे शब्द हरवले होते, पण त्याचा गाभा कुणा बाईने आपल्या चुलीपाशी बरोबर ओळखून ठेवला होता. मला हे नाव आठवलं की तिच्याविषयी फार आदर वाटतो.

आणि बिरड्याचा सण. खरं तर हा सण नव्हेच, हे सुतक आहे. यरुशलेमचं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं. एकदा बाबिलोनच्या लोकांनी इसवी सनापूर्वी 586 मध्ये पाडलं आणि दुसऱ्यांदा रोमनांनी इसवी सन 70 मध्ये. दोन्हींची आठवण अव महिन्याच्या नवमीला करतात. तो दिवस ऐन पावसाळ्यात येतो. त्या दिवसांत मांस-मच्छी वर्ज्य. वालाचं बिरडं करायचं आणि ताटाऐवजी केळीच्या पानावर जेवायचं. ज्यांनी वाल सोलले आहेत त्यांना ठाऊक आहे, बिरडं आयत्या वेळी होत नाही. वाल आधी भिजवावे लागतात, मोड आणावे लागतात, मग कोमट पाण्यात एकेक दाणा सोलावा लागतो. माझी आजी रेवदंड्याकडची. वाल सोलताना ती बोलत नसे. का, असं विचारलं तर म्हणे, "आजचं काम गप्प राहून करायचं असतं." यरुशलेम कुठे आहे, हे तिला नकाशावर दाखवता आलं नसतं.

शेजाऱ्यांचे शब्दही आम्ही मोकळेपणाने घेतले. आमच्या उपवासांना 'रोजा' म्हणत, एलुल महिन्यातल्या उपवासांना 'रमजान'. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचा तो उरूस. तो अलिबागजवळच्या खंडाळे गावी येऊन गेला अशी श्रद्धा आहे; तिथल्या खडकावरच्या खुणा त्याच्या रथाच्या मानतात. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात जाताना त्याच्या नावाने मलिदा करतात. मलिदा म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर, वर सुका मेवा आणि भोवती पाच फळं. त्याभोवती बसून हिब्रू प्रार्थना म्हणायची. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ज्यू समाजात पोह्यांचा असा मान नाही.

या यादीत एक सण नाही. हनुक्का, दिव्यांचा सण. त्याची घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की, आमचे पूर्वज त्याआधीच मायदेशातून निघाले असावेत. इतरांना हे पटत नाही. तो वाद त्यांच्याकडे राहू द्या. पुढे डेव्हिड रहाबी नावाच्या एका ज्यू गृहस्थांनी या लोकांना ओळखलं, अशी परंपरा सांगते. बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे शिजवायला घेतले, बाकीचे वेगळे काढले. धर्मग्रंथात नियम तोच आहे. म्हणजे आमची पहिली परीक्षासुद्धा स्वयंपाकघरातच झाली!

मग हळूहळू ग्रंथ परत आले, आणि त्यांना मराठीचा हात मिळाला. मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी आयुष्यभर प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. पुण्यात 1874 साली वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हग्गादा' शिळाप्रेसवर छापली गेली, हिब्रू आणि मराठी शेजारी शेजारी. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात. छापखाना होता विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. ज्यूंचं पुस्तक अग्निहोत्र्यांच्या छापखान्यात! यात त्या वेळी कुणाला नवल वाटलं नसावं, हे मला विशेष वाटतं.

त्याहून पुढची गोष्ट कीर्तनाची. देवळातली कीर्तनं आमच्या मंडळींनी ऐकली होती. हिब्रू न कळणाऱ्या आपल्या माणसांपर्यंत पवित्र कथा पोहोचवायच्या तर याहून चांगलं साधन नाही, हे त्यांनी ओळखलं. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेने इस्राएल कीर्तन सुरू केलं. आख्यान योसेफाचं, मोशेचं किंवा एस्तेरचं. पण रचना ओवी, साकी, दिंडी, आर्येत. योसेफाला भावांनी विकलं, तो प्रसंग मराठी चालीत रंगला की घरातल्या बायका पदराने डोळे पुसत. त्यांच्यापैकी कितीतरी जणींना एक हिब्रू अक्षर वाचता येत नव्हतं.

बोलण्या-गाण्याचं हे अंग पुढे रंगभूमीवर आणि पडद्यावरही दिसलं. 1931 चा 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट जोसेफ डेव्हिड पेणकर यांच्या नाटकावरून घेतला होता. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, म्हणजे डेव्हिड अब्राहम, हे चेऊलकर. आणि इंग्रजी कवी म्हणून देशाला माहीत असलेले निस्सीम इझिकेल यांनी इंदिरा संतांच्या मराठी कविता इंग्रजीत नेल्या.

1948 मध्ये इस्रायल झालं आणि आमची माणसं तिकडे जाऊ लागली. त्या वेळी समाज वीस हजारांच्या आसपास होता. आज भारतात पाच हजारांच्या आत उरला आहे. इथे कुणी हाकललं म्हणून कुणी गेलं नाही. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जाही दिला. गेले ते श्रद्धेच्या ओढीने आणि पुढे नात्यागोत्याच्या ओढीने. पण तिथे पोहोचल्यावर एक विलक्षण प्रश्न समोर आला. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांच्या बाबतीत त्यांच्या वंशाची चौकशी करायला सांगितलं. तुम्ही खरे ज्यू कशावरून? आमची माणसं धरणं धरून बसली. अखेर ऑगस्ट 1964 मध्ये तिथल्या संसदेने ठराव करून सांगितलं की, बेने इस्राएल हे सर्वार्थाने ज्यू आहेत. कागद मागितला होता, आणि कागद तर नवगावच्या समुद्रात गेले होते. त्यांच्याकडे होती ती झाकलेल्या मडक्याची आणि सोललेल्या वालाची साक्ष.

आज चित्र उलटं झालं आहे. माझ्या भावाची नातवंडं अश्दोदला राहतात. हिब्रू त्यांची शाळेची, खेळाची, भांडणाची भाषा. ज्या प्रार्थना आमच्या पूर्वजांनी अर्थ न कळता जपल्या, त्या ही मुलं सहज वाचतात. याचा मला आनंद आहे. पण 'दारफाळणी' म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघतात. तिथल्या आमच्या लोकांनी 1985 साली 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं, मराठी कार्यक्रम केले, मलिदा तर अजूनही होतो. मात्र मराठीत जन्मलेली पिढी म्हातारी होत चालली आहे. ग्रंथ हरवला तेव्हा मराठीने सण सांभाळले. आता ग्रंथ मिळाला आहे, आणि ज्या शब्दांनी सांभाळलं ते निसटत आहेत.

कुणी म्हणेल, मूळ हिब्रू नावं आली, तर ही गावठी नावं गेली म्हणून काय बिघडलं? माझं म्हणणं एवढंच की, ही नावं म्हणजे चुकलेली भाषांतरं नव्हेत. आंबट रसाचं मडकं झाकणाऱ्या बाईला आपण काय करतो आहोत ते कळत होतं. तिचं नाव कोणत्याही पुस्तकात नाही. तिची खूण म्हणून तो एक शब्द तेवढा आहे.

म्हणून श्रोत्यांना एक विनंती. मुंबई, ठाणे, पुणे, पनवेल, अलिबाग, रोहा इथल्या जुन्या घरांत, जुन्या रद्दीत अजूनही आमच्या कीर्तनांच्या पुस्तिका आणि हातवह्या निघतात. अक्षरं देवनागरी असतात, त्यामुळे त्या कुणाच्याही पोथ्यांत मिसळून गेलेल्या असतात. ओवीत योसेफ किंवा मोशे दिसला, तर ती वही रद्दीत देऊ नका. जवळच्या सिनेगॉगमध्ये किंवा एखाद्या चांगल्या ग्रंथालयात पोहोचवा. आणि आमच्या समाजातल्या घरांत जर एखादी आजी अजून योसेफाचं आख्यान म्हणत असेल, तर शेजारी बसून ते उतरवून घ्या. शब्द छापील वहीत सापडतील, चाल मात्र तिच्याच गळ्यात आहे.