चेहऱ्याची भांडी



पेय ओतायच्या भांड्याला माणसाचं रूप द्यायची हौस इंग्लंडातल्या स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी अठराव्या शतकात पुरवली. तिकोनी टोपी घालून बसलेला अख्खा माणूस, म्हणजे टोबी जग. पुढे १९३४ पासून रॉयल डोल्टन कंपनीनं नुसत्या डोक्या-खांद्यांचे जग काढले. त्यांची खरी करामत पाहावी ती मुठीत. सांताक्लॉजच्या एका जगाला मूठ म्हणून चक्क बाहुली आहे! असे जग हौसेनं जमवणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत इव्हान्स्टनला तर त्यांचं संग्रहालयच उभं राहिलं.

आपल्याकडेही मातीला रूप येतं. मानोरा तालुक्यातलं इंझोरी घ्या, नाहीतर वऱ्हाडातलं दुसरं गाव. पोळ्याला मातीचे बैल, भाद्रपदी पौर्णिमेला भुलाबाई-भुलोजी. महिनाभर पोरी गाणी म्हणतात, कोजागिरी झाली की बहुतेक घरच्या मूर्ती पाण्यात जातात. म्हणून आपली माती कपाटात साठली नाही. साठलं ते पितळ.

ते जपलं पुण्याच्या दिनकर केळकरांनी. ‘अज्ञातवासी’ नावानं कविता करणारे, चष्म्याचं दुकान चालवणारे हे गृहस्थ १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंच्या मागे लागले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्याच नावानं संग्रहालय झालं. त्यातल्या वज्री बघाव्यात. टाच घासायची साधी वस्तू ती! खाली उभ्या-आडव्या रेघांची खरखरीत बाजू आणि वर धरायला एखादा पक्षी. अडकित्त्यांमध्ये तर पोपट, घोडे, स्त्री-पुरुषांच्या जोड्या. घडवणाऱ्याचं नाव मात्र बहुतेकांवर नाही. सुमारे वीस हजार वस्तूंचा हा संग्रह केळकरांनी महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. माझ्या मते एका माणसानं मराठी घरसंसारावर केलेला एवढा मोठा उपकार दुसरा नाही.

तेव्हा मायबहिणींनो, आजीचा अडकित्ता भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका. तो कोणाचा, कुठून आणलेला, हे चिठ्ठीवर लिहून त्याला बांधून ठेवा. आणि यंदा भुलाबाई पाण्यात सोडण्याआधी तिचा एक फोटो काढा. ज्यानं ती घडवली, त्या कुंभारदादाचं नाव फोटोमागे नक्की लिहा.