मिश्री, विडी आणि बायकांची मोजणी

(मुरुड, जि. लातूर येथे बचत गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय धूम्रपानाचा. पण तुमच्यापैकी विडी कोण ओढतं असं विचारलं तर एकही हात वर यायचा नाही. मिश्री कोण लावतं असं विचारलं तर आधी पदराआड हसू येईल आणि मग हात वर येतील.

सरकारी पाहणीतही हेच दिसतं. २०१६-१७ साली देशभर प्रौढ माणसांच्या तंबाखूची पाहणी झाली. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे पुरुष शंभरात सहा निघाले, बायका दीडसुद्धा नाहीत. इथंच थांबलं तर वाटेल, बायकांचा हा प्रश्नच नाही. पण खायची आणि लावायची तंबाखू मोजली तेव्हा पुरुष शंभरात जवळपास ३२ आणि बायका जवळपास १७. म्हणजे सहा बायकांमागं एक!

मिश्री कशी करतात ते तुम्हाला सांगायला नको. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची, दातांना लावायची. दाढ दुखते म्हणून, पोट साफ होतं म्हणून, सासूनं लावली म्हणून. पण पहाटे ऊसतोडीला निघालेल्या बाईची भूक तिनं मरते, हे कारण कुणी लिहून घेत नाही. नवऱ्यानं तंबाखू मळली तर चारचौघात गप्पा रंगतात. बाईनं लावली तर ती वाईट सवय. म्हणून ती लपवते. डॉक्टरपासूनही लपवते, आणि तिथंच घात होतो.

२००४ साली मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विडी-सिगारेट न ओढता नुसती मिश्री-तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त निघालं. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईला हे किती महागात पडतं, बघा.

तोंडाच्या कर्करोगाचं तर आपल्या शेजारी बार्शीला कळतं. तिथं १९८७ पासून कर्करोगाची नोंद ठेवतात; ग्रामीण भागातली देशातली ती पहिलीच. कार्यकर्ते गावोगाव जाऊन रोगी शोधत, कारण खेड्यातला माणूस आपणहून दवाखान्यात पोचत नाही. बाई तर सगळ्यात शेवटी पोचते.

आणि घरातल्या विडीचं काय? २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला देशभर बंदी आहे. घराला ती लागू नाही. एका खोलीत नवरा ओढतो, धूर बाळंतिणीच्या नि लेकराच्या छातीत जातो. त्याला बाहेर जाऊन ओढ म्हणायचं तर एकटीची हिंमत होत नाही. गटानं मिळून म्हणावं. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठं मिळते ते पोरांना ठाऊक असतं. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं मनाई आहे. ग्रामसभेत हा विषय आपणच काढायचा.

आता घरी गेल्यावर एक करा. आरशासमोर तोंड उघडून पाहा. गालाच्या आत पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारं तोंड, तिखट सोसेनासं होणं, तोंड पूर्ण न उघडणं, यातलं काही असेल तर सरकारी दवाखाना गाठा. तीस वर्षांपुढच्या बाईची तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आहे. ती मागून घ्या. आणि मिश्री लावते हे तिथं सांगा.